करवत, किरण आणि हौस

मराठी घरात कुणी स्वतःच्या हातानं एखादी वस्तू बनवली, की तिच्या स्वागताला एक वाक्य तयारच असतं : ‘‘अरे, हे बाजारात साठ रुपयांना मिळतं की!’’ हे बोलणाऱ्याला आपण समोरच्याचं फार मोठं नुकसान वाचवलं असं मनापासून वाटत असतं. वास्तविक तोवर वस्तू बनून झालेली असते, बोटाला चिंधी बांधून झालेली असते, आणि साठ रुपयांच्या त्या वस्तूवर साडेतीनशे रुपये खर्चही पडलेले असतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतला कारकून. कुठल्याही हौशी कारागिराचं खातं मी फुकट मांडून द्यायला तयार आहे. कच्चा माल, मजुरी, वरखर्च, वाया गेलेला माल असे रकाने पाडून बेरीज मारली, की तळाशी जो आकडा उरतो तो लाल शाईनंच लिहावा लागतो. हौशी माणसाचा ताळेबंद जुळलेला मी तरी आजवर पाहिलेला नाही. तरीही ही जमात नष्ट होत नाही. अर्थशास्त्राच्या नाकावर टिच्चून जी जमात पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तिचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. इतिहासकारांना राजेलोकांतून सवड नाही. तेव्हा हे काम कारकुनाच्या टेबलावर येऊन पडलं, यात नवल नाही. सगळीच कामं शेवटी तिथंच येतात.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. हा मुलगा इथंच औशात एका शाळेत विज्ञान शिकवतो. परवाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यानं एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत एक यंत्र मागवलं. खोक्यातून जे निघालं ते पाहून माझ्या बहिणीला वाटलं, पलंगाचे पाय आले. ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्यांची चौकट, दोन-तीन मोटरी, रबरी पट्टे आणि मधोमध काडेपेटीच्या थोरल्या बहिणीएवढी एक डबी. या डबीतून निळ्या उजेडाचा एक ठिपका खाली पडतो. तो लाकडावर पडला की तेवढंच लाकूड जळतं, आणि ठिपका मुंगीच्या चालीनं पुढं सरकला की मागं केसासारखी चीर पडते. संगणकावर मोर काढावा, बटण दाबावं, आणि चहा पिऊन यावं. तोवर प्लायवूडमधून मोर सुटून बाजूला झालेला असतो.

पहिल्याच दिवशी धूर माडीवरून खाली आला तेव्हा आमची ऐंशीला आलेली आत्या जिन्याच्या पायथ्याशी येऊन ओरडली, ‘‘आरं, काय जाळायलास रं घरात? आधी दूध बघ उतू गेलंय का!’’

‘‘आज्जी, लेसर हाय ते,’’ भाच्यानं वरून सांगितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही आधी चष्मा घाला. साध्या डोळ्यांनी बघायचं नसतं.’’ मग आम्ही दोघं केशरी काचांचे चष्मे लावून, खग्रास ग्रहणाला बसल्यासारखे त्या ठिपक्याकडं बघत बसलो.

‘‘डोकं सगळं अमेरिकेचं, मामा,’’ भाचा म्हणाला. ‘‘आपल्याकडं असलं घरी बसून काही बनवायची परंपराच नाही.’’

परंपरा नाही, असं कुणी म्हटलं की मराठी माणूस स्वस्थ बसत नाही. मीही बसलो नाही.

सुरुवात घरापासून करू. आमच्या औसा तालुक्यात खरोसा नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीत सहाव्या शतकाच्या आसपास कुणी लेणी खोदली. आता लेणं म्हणजे तरी काय? नको तेवढा दगड काढून टाकायचा आणि हवा तेवढा ठेवायचा. भाच्याचं यंत्र लाकडाच्या बाबतीत हेच करतं. फरक एवढाच की खरोशाच्या माणसाला ‘पूर्ववत करा’ हे बटण नव्हतं. देवाचं नाक उडालं की ते उडालं.

पुढं मराठवाड्यात जाळीचं काम आलं. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा सतराव्या शतकातला. तिथं कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. दगडातून वारा आणि उजेड गाळून घेणारी ती कापाकापी पाहिली, की आजचे लेसरवाले ज्याला ‘डिझाइन’ म्हणतात ते कुठून उचललंय हे कळतं. शेजारच्या बीदरचं बिदरीकाम तर याच्याही पुढचं. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं घेऊन भांडं ओतायचं, त्यावर छिन्नीनं नक्षी खोदायची, चरांत चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती लावून भांडं असं काळं करायचं की चांदी तेवढी पांढरी राहते.

पण ही सगळी पोटासाठी काम करणारी माणसं. यांना हौशी म्हटलं तर ते रागावतील, आणि रास्तच रागावतील. गावगाड्यात सुतार नांगर भरायचा, लोहार फाळ शेवटायचा आणि सुगीला त्यांना बलुतं मिळायचं. लेखणीवाल्यांना लेखणीचं मिळायचं. यातून एक पक्की समजूत तयार झाली, की ज्याला लिहिता येतं त्यानं हातात हातोडी धरायची नसते. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत अजून भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर घरातला पदवीधर शिडी धरतो आणि ठोकायला बाहेरून माणूस येतो. शिडी धरणं हे व्यवस्थापन असल्यामुळे त्यात कमीपणा नसतो.

विलायतेत मात्र याच सुमाराला साहेब लोक निव्वळ गंमत म्हणून लाकूड कापायला लागले होते. १८९५ साली इंग्लंडात डेरहॅम गावाहून ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं. त्यासोबत नक्षीचा कागद मिळायचा. तो लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि फ्रेट सॉ घेऊन रेघेवरून कापत जायचं. फ्रेट सॉ म्हणजे धनुष्यासारख्या चौकटीत ताणून बसवलेलं, दाभणापेक्षा बारीक पातं. हे पातं वळणावर हमखास तुटतं. तुटायची वेळही ठरलेली असते : नक्षी नव्वद टक्के कापून झाल्यावर. छापील नकाशा आणायचा, घरी बसून कापायचा आणि आपणच केलं म्हणून पाहुण्यांना दाखवायचं, हा जो आज आमच्या भाच्याचा धंदा आहे, त्याची पेढी अशी सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

आपल्याकडं तेव्हा काय चाललं होतं? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत चित्रकला शिकवायचे आणि त्यांचं लक्ष यंत्रांत असायचं. १८८८ साली त्यांनी बेळगावात भावासोबत सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर करायला घेतला. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर पडूनच राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा लोकांनी त्यांना द्रष्टे म्हटलं असणार. त्याआधी घरातले काय म्हणत होते याची इतिहासात नोंद नाही, पण ते वाक्य कोणतं असेल हे वाचकांना सांगायला नको.

दादासाहेब फाळक्यांचं तर विचारूच नका. त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, ‘कर्जाचे प्रयोजन’ या रकान्यात ‘हलती चित्रे बनविणे’ असं लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो आदरपूर्वक वरिष्ठांकडे सरकवला असता, आणि वरिष्ठांनी तो तितक्याच आदरानं परत पाठवला असता. फाळक्यांनी मग कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं, रोज त्याची थोडी थोडी छायाचित्रं घेतली आणि वेल भराभर वाढतानाचा छोटा चित्रपट करून सावकाराला दाखवला. तारण म्हणून वाटाणा ठेवून कर्ज काढल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. फिल्म तेव्हा कोरी, भोकं न पाडलेली यायची. यंत्रात ती सरकावी म्हणून कडेला भोकं पाडावी लागत, आणि तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई फाळके रात्री घरी बसून करत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एका घरगुती उद्योगातून आपल्याकडं एवढा मोठा धंदा उभा राहिला, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे एका बाईंनी घरकाम आटोपून पाडलेली भोकं.

तेव्हा परंपरा नाही असं नव्हतं. परंपरा होती, शाळेत मात्र ती आत आली नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली आणि मुलांना हाताच्या उद्योगातून शिकवा असं सांगितलं. आपण ते मान्य केलं. मान्य करण्यात आपला हात धरणारा कुणी नाही. पुढं त्याचं जे रूप आमच्या पिढीच्या वाट्याला आलं त्याचं नाव कार्यानुभव. आठवड्याचे दोन तास. त्यात कार्य आईचं असायचं आणि अनुभव बाबांना यायचा, कारण रात्री दहा वाजता क्रेप कागद आणि डिंक शोधत तेच हिंडायचे. आमच्या वर्गात एकाच वेळी सत्तावीस पुठ्ठ्याची घरं जमा झाली होती. सगळ्या घरांना लाल कौलं होती आणि एकाही घराचं दार उघडत नव्हतं.

आपण इकडं बंद दाराच्या घरांना मार्क देत होतो, त्याच्या कितीतरी आधी तिकडं उजेडाची करवत तयार झालेली होती. तिची हकिगत थोडक्यात सांगतो. १९१७ साली आइन्स्टाइननं कागदावर मांडलं, की अणूत ऊर्जा साठलेली असेल आणि नेमका तसाच प्रकाश त्याच्यावर येऊन आदळला, तर अणू त्याच जातीचा आणखी प्रकाश बाहेर टाकतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर, खिडकीवर एकानं पाचशे रुपये काढले आणि त्याला पाहून रांगेतल्या सगळ्यांनी त्याच क्षणी, तेवढीच रक्कम, त्याच नोटांमध्ये काढली. असं झालं तर बँक बुडेल, पण प्रकाशाचं उलट होतं. सगळे किरण एका पावलावर चालायला लागतात आणि त्यांच्यात जोर येतो.

हे प्रत्यक्षात यायला १९६० साल उजाडलं. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यानं कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. आपल्याकडं सूर्य बलवान व्हावा म्हणून माणूस माणिक बोटात घालतो आणि गप्प बसतो. मेमन गप्प बसला नाही. पण या किरणाचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ‘उत्तर सापडलंय, आता प्रश्न शोधतोय’ अशी लेसरची थट्टा व्हायची. औशातल्या माडीवर तिसऱ्यांदा मोर कापून झाल्यावर माझ्या बहिणीनं हीच टीका वेगळ्या शब्दांत केली होती.

आता खरी गंमत ऐका. लाकूड, कागद, कापड, ॲक्रिलिक असलं सगळं सरसकट कापणारा लेसर १९६४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच कार्बन डायऑक्साइड वायू त्यात वापरतात. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड आणि ॲक्रिलिक तो चटकन शोषून घेतात. तो बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव सी. कुमार एन. पटेल. जन्म १९३८, मुक्काम बारामती! १९५८ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन हा तरुण स्टॅनफर्डला गेला, १९६१ साली डॉक्टर झाला, आणि सव्विसाव्या वर्षाच्या आत त्यानं हे केलं. १९९६ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. बारामती म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर जे काही येत असेल ते येऊ द्या, माझी हरकत नाही. पण लातूरच्या दुकानांत, पुण्याच्या कारखान्यांत नि चीनच्या गोदामांत काचेची लांब नळी असलेलं जे लेसर यंत्र ॲक्रिलिकच्या पाट्या कापताना दिसतं, त्याचं मूळ गाव ते.

मी ही माहिती भाच्यापुढं ठेवली तेव्हा त्यानं अर्धा मिनिट यंत्र थांबवलं. विज्ञान शिक्षकाकडून याहून मोठी मानवंदना मिळत नसते. त्याचं यंत्र मात्र त्या घराण्यातलं नाही. त्यात निळ्या उजेडाचा छोटा डायोड आहे आणि निळा उजेड पारदर्शक ॲक्रिलिकमधून पाहुण्यासारखा आरपार निघून जातो, काही कापत नाही. त्यामुळे ॲक्रिलिक असलं की भाचा लातूरला जातो. ‘बारामतीवाल्याकडं जाऊन येतो’ असं आता आमच्या घरात म्हणतात.

१९६७ साली इंग्लंडात पीटर होल्डक्रॉफ्ट यानं या किरणाच्या जोडीला प्राणवायूचा झोत लावून एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला, आणि लेसर कारखान्यात शिरला. तिथून तो खेड्यात यायला आणखी पस्तीस वर्षं लागली, पण आला तोही आपल्याकडंच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंग, शेती, बांधकाम, वीजजोडणी असं हातानं करत करत शिकवायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड हे प्राध्यापक १९९८ पासून ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाचा वर्ग घेत. त्यांनी अशी यंत्रं असलेली कार्यशाळा एमआयटीबाहेर पहिल्यांदा काढायची ठरवली तेव्हा, २००२ साली, जागा निवडली पाबळची. वर्ध्याला जे मान्य होऊन राहून गेलं होतं, ते पाबळला पत्र्याच्या शेडमध्ये चालू होतं. आमच्या वर्गातल्या सत्तावीस घरांना दारं का नव्हती, याचं उत्तर कलबागांना ठाऊक असावं.

एवढं सगळं मोठमोठ्या ठिकाणी झालं तरी ही करवत सामान्य मराठी घरात शिरली ती गणपतीच्या निमित्तानं. आधी मखर केळीच्या खुंटांचं, कर्दळीचं, रंगीत कागदाच्या झालरींचं असायचं. मग थर्माकोल आलं. नायक्रोमची तार बॅटरीवर तापवायची आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी थर्माकोलमधून फिरवायची. आमच्या लहानपणी गल्लीतला प्रत्येक मुलगा श्रावणात एक राजवाडा कापायचा. त्याचे पांढरे मणी घरभर उडायचे. दिवाळीच्या फराळात, चिवड्यात एखादा मणी निघाला तर तो कुरमुरा समजून खाणारी माणसं मी पाहिली आहेत. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली आणि तिच्यात थर्माकोलची सजावटही गेली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सवलत द्या म्हणून मंडळी उच्च न्यायालयात गेली, ती न्यायालयानं दिली नाही. मग बाजारात लेसरनं कापलेली, खाचेत खाच बसवून उभी राहणारी आणि विसर्जनानंतर खोलून माळ्यावर टाकता येणारी लाकडी मखरं दिसू लागली. भाच्याच्या डोक्यात यंत्राचं खूळ शिरलं ते तिथून.

मखर कापणं दिसतं तितकं सोपं नाही, हे मला त्याच्या माडीवर कळलं. प्रत्येक करवत थोडं लाकूड खाते, तशी उजेडाचीही खाते. एक-दोन दशांश मिलिमीटर का होईना, पण खाते. त्यामुळे संगणकावर अगदी बरोबर बसणारा दाता हातात घेतला की खाचेत डगडगतो. हे खाणं हिशोबात धरून दाता थोडा रुंद काढावा लागतो. त्यात तीन मिलिमीटर म्हणून विकलेलं प्लायवूड तीन मिलिमीटर भरत नाही. व्यापाऱ्याला विचारलं तर तो ‘तीनचंच आहे साहेब’ म्हणतो. आमच्याकडं ‘अंदाजे’ या शब्दाला वेगळा शिक्का असतो, त्यांच्याकडं तो बोलीतच असतो. शिवाय काय कापायचं नाही, याचीही यादी आहे. रेक्झिन यंत्रात घालायचं नाही. त्यात पीव्हीसी असलं तर जळताना क्लोरिनयुक्त विषारी धूर निघतो, माणसाची छाती धरते आणि यंत्र गंजतं. यंत्र चालू ठेवून खाली जेवायला यायचं नाही, कारण किरणाला प्लायवूड आणि माडी यांतला फरक कळत नाही.

हे सगळं बघायला आमच्या गल्लीतले मिस्त्री एकदा येऊन गेले. तीन पिढ्यांचं सुतारकाम, हातात अजून पटाशी अशी धरतात की आपण पेन तशी धरत नाही. भाचा थोडा अवघडला. मिस्त्रींनी कापलेला मोर उलटसुलट करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. बोटाला काजळी लागली. म्हणाले, ‘‘काम साफ हाय. पण गुरुजी, ह्ये लाकूड न्हवं, लाकडाचं बिस्कीट हाय.’’ मग चहा झाला. जाताना त्यांनी भाच्याला गुण्या लावून दाखवला, आणि त्याच्या मखराचा कोपरा काटकोनात नव्हता हे यंत्रासमक्ष सिद्ध करून गेले.

आता ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला ते सांगतो.

आमच्या आत्याचं सासर किल्लारीच्या बाजूला. दगडमातीच्या जाड भिंतींचं माळवदाचं घर, आणि त्याला सागवानी कोरीव चौकट. १९९३ साली अनंत चतुर्दशीला आत्या औशाला आमच्याकडं आली होती. विसर्जन उशिरा आटोपलं. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमच्या घरच्या भिंतींना चिरा पडल्या. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांत आतोबा होते. गाव पुढं नव्या जागी वसलं. त्या चौकटीचं लाकूड ढिगाऱ्यातून निघालं की नाही, निघालं तर कुणाच्या चुलीत गेलं, हे विचारायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं.

भाच्याच्या हाती एक जुना फोटो लागला. आत्याच्या मुलीच्या लग्नातला, १९८७ चा. नवरीच्या मागं ती चौकट दिसते, पण डावीकडची अर्धीच. उजवी बाजू करवल्यांनी झाकली आहे. भाच्यानं ती अर्धी चौकट संगणकात घेतली, उलटी करून दुसऱ्या बाजूला जोडली, थरावर थर रचून कोरीवपणा आणला, आणि दोन फूट उंचीची प्रतिकृती महिनाभरात उभी केली. वर गणेशपट्टी, खाली उंबरा, दोन्ही बाजूंना वेल आणि वेलीवर पक्षी. आत्याला माडीवर आणलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘ह्ये दोन राघू कशापायी केलास रं? समोरासमोर बसून भांडायला?’’

‘‘आज्जी, फोटोत राघूच हाय की.’’

‘‘डावीकडं राघू. उजवीकडं मैना व्हती. मान अशी वळवून बसलेली.’’

संगणकाला आरसा माहीत असतो, संसार माहीत नसतो. भाच्यानं कागद-पेन्सिल पुढं केली. आत्यानं ती बाजूला सारली, खालून रांगोळीचा डबा मागवला आणि माडीच्या फरशीवर तीन चिमटींत मैना काढून दिली. तीस वर्षं तिनं ती कुठं ठेवली होती कोण जाणे. भाच्यानं त्या रांगोळीचा फोटो घेतला, आणि अजून जन्माला यायचे असलेल्या सगळ्या यंत्रांनाही दिसली नसती ती मैना यंत्रानं सहा मिनिटांत कापून दिली.

दुसऱ्यांदा आत्यानं चौकटीवरून हात फिरवला. खालच्या कमळाशी बोट अडलं. ‘‘इथं टवका व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘तिसऱ्या पाकळीला. गाडीचं जू लागलं व्हतं. ह्यांनी गडी माणसाला किती बोललं त्या दिवशी.’’

भाच्यानं संगणकावर टवका काढून पाहिला. तो टवक्यासारखा दिसेना. नीट काढलेला टवका हा टवका राहत नाही, नक्षी होतो. चार वेळा खोडल्यावर त्यानं मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आले, पायताण बाहेर काढून बसले, चौकट मांडीवर घेतली आणि आत्याला विचारलं, ‘‘जू वरनं लागलं का आडवं?’’ आडवं लागल्याचं कळल्यावर त्यांनी पटाशी तिरकी धरून एकदाच ठोकली. आत्या पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. यंत्राचा पंखा तेवढा चालू होता.

मिस्त्री उठले तेव्हा भाच्यानं पाकीट काढलं. मिस्त्री हसले. म्हणाले, ‘‘गुरुजी, मोडायचे पैसे घ्यायला लागलो तर लोक घडवायला बोलावतील का?’’

मी घरी येऊन सवयीनं त्या चौकटीचं खातं मांडलं. प्लायवूड, वीज, लातूरच्या दोन फेऱ्या, बिघडलेले दोन राघू यांपैकी एक, सगळं ज्या त्या रकान्यात बसलं. टवका मात्र अजून बसलेला नाही. ‘वाया गेलेला माल’ या रकान्यात तो लिहायला माझं पेन तयार होत नाही.